जर, तर आणि नाहीतर

‘पाऊस असेल तर छत्री घे’ एवढी सूचना माणसाला पुरते. न सांगितलेला भाग तो स्वतःच्या समजुतीने भरून काढतो. संगणकाला अशी समजूत नसते. अटीच्या एखाद्या शाखेत काय करायचे ते लिहिले नसेल, तर तो तिथे काहीच करत नाही. यातून काय घडू शकते ते एका प्रत्यक्ष उदाहरणावरून पाहू.

३१ डिसेंबर २००८ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीची ‘झून’ ही गाणी ऐकण्याची उपकरणे (३० गिगाबाइटचा नमुना) ठिकठिकाणी एकाच दिवशी बंद पडली. यंत्रात बिघाड नव्हता. दोष होता तारीख काढणाऱ्या आज्ञावलीत. १ जानेवारी १९८० पासूनचे एकूण दिवस घ्यायचे आणि त्यांतून एकेका वर्षाचे दिवस वजा करत चालू वर्ष गाठायचे, अशी तिची रीत होती. मराठीत ती अशी मांडता येईल :

जोपर्यंत दिवस > ३६५ तोपर्यंत
— जर वर्ष लीप असेल, तर
—— जर दिवस > ३६६, तर ३६६ वजा करा, वर्ष १ ने वाढवा
— नाहीतर ३६५ वजा करा, वर्ष १ ने वाढवा

आता २००८ या लीप वर्षाचा शेवटचा दिवस घेऊ. मागची वर्षे वजा होऊन ३६६ दिवस उरले आहेत. ३६६ ही संख्या ३६५ पेक्षा मोठी, म्हणून आवर्तन सुरू होते. वर्ष लीप आहे, म्हणून आतली अट तपासली जाते. ३६६ हे ३६६ पेक्षा मोठे नाही, म्हणून वजाबाकी होत नाही. आतल्या अटीला ‘नाहीतर’ नाही. दिवस ३६६ च राहतात आणि तेच आवर्तन अखंड चालू राहते! बॅटरी उतरू द्या आणि १ जानेवारीच्या दुपारनंतर उपकरण चालू करा, असा सल्ला कंपनीला द्यावा लागला. दिवस ३६७ झाले की आज्ञावली सुरळीत चालणार होती.

उपाय म्हणून आणखी एक ‘नाहीतर’ जोडता येईल. पण अटीच्या पोटात अट हेच गोंधळाचे मूळ आहे. त्यापेक्षा वर्षाची लांबी आधी ठरवून घ्यावी :

लांबी = लीप असेल तर ३६६, नाहीतर ३६५
जोपर्यंत दिवस > लांबी तोपर्यंत
— लांबी वजा करा, वर्ष १ ने वाढवा, लांबी पुन्हा ठरवा

आता निर्णय एकाच जागी होतो आणि कोणतीही शाखा रिकामी राहत नाही.

लीप वर्षाचा नियमही असाच सपाट लिहिता येतो. ४०० ने भाग जात असेल तर लीप. नाहीतर १०० ने जात असेल तर लीप नाही. नाहीतर ४ ने जात असेल तर लीप. नाहीतर लीप नाही. इथे क्रम महत्त्वाचा. ४ ची अट आधी तपासली तर १९०० हे वर्ष चुकीने लीप ठरेल.

‘लीप नाही’ अशी उलट अट हवी असेल तर? मदुराई येथे १८०६ मध्ये जन्मलेले गणिती ऑगस्टस डी मॉर्गन यांचे नियम इथे उपयोगी पडतात. उलट करताना प्रत्येक विधान तर उलटतेच, शिवाय ‘आणि’चा ‘किंवा’ आणि ‘किंवा’चा ‘आणि’ होतो. म्हणजे, ४०० ने भाग जात नाही, आणि (४ ने जात नाही किंवा १०० ने जातो). ‘आणि-किंवा’ बदलायचे राहून जाणे ही नेहमीची चूक आहे.

वर्गात हे करून पाहण्यासाठी संगणकाची गरज नाही. फळ्यावर दोन स्तंभ आखा : लीप वर्ष आणि साधे वर्ष. ओळींत ३६५, ३६६ आणि ३६७ दिवस घ्या. या सहा घरांत काय घडेल ते मुलांना दोन्ही आज्ञावलींवरून भरायला सांगा. पहिल्या आज्ञावलीत एका घरापाशी मुले नक्की अडतील. सीमेवरच्या संख्या तपासून पाहण्याची सवय त्यातून लागेल, आणि ती गणितातही उपयोगी पडेल.