मराठी संकेतस्थळांची सुगम्यता : अक्षर आणि चित्र

संकेतस्थळ सर्व ब्राउझरांत व सर्व वाचकांना वाचता येणे हा प्रश्न मराठीपुरता मांडणीच्याही आधी अक्षरांचा आहे. युनिकोड रूढ होण्यापूर्वी मराठी मजकूर ज्या फाँटमध्ये लिहिला जाई, त्यात रोमन अक्षरांच्या संकेतांकांवर देवनागरी आकार बसविलेले असत. पडद्यावर ‘क’ दिसे. संगणकाच्या लेखी ते रोमन अक्षरच राही. पृष्ठासोबत फाँट पाठविण्याची ‘ईओटी’ ही सोय इंटरनेट एक्सप्लोररपुरती मर्यादित होती. इतर ब्राउझरांत तोच मजकूर रोमन अक्षरांची निरर्थक रांग होऊन उमटे.

युनिकोडने देवनागरीला स्वतंत्र संकेतांक दिले आणि ही अडचण तत्त्वतः मिटली. तत्त्वतः अशासाठी की, सही-शिक्क्याची सूचना स्कॅन करून तिचे चित्र संकेतस्थळावर ठेवण्याची प्रथा महाविद्यालयांत अद्याप आढळते. चित्र सर्व ब्राउझरांत सारखेच दिसते, म्हणूनच ते निर्दोष भासते. परंतु पडद्यावरील मजकूर वाचून दाखविणाऱ्या स्क्रीन रीडरला त्यात थेट एकही अक्षर मिळत नाही. प्रवेशाची अंतिम तारीख दृष्टिहीन विद्यार्थ्यापर्यंत पोहोचतच नाही. मोबाइलच्या लहान पडद्यावर त्यातील ओळी रुंदीनुसार मोडत नाहीत, हे निराळेच.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ४२ ने इलेक्ट्रॉनिक माध्यमातील आशय सुगम्य करण्यासाठी उपाययोजना करण्याची जबाबदारी शासनावर टाकली आहे. महाविद्यालयांनी आदेशाची वाट पाहण्याचे मात्र कारण नाही. सूचनेचा मूळ मजकूर बहुधा संगणकावरच टंकलिखित झालेला असतो. तो युनिकोडमध्ये पृष्ठावर द्यावा, जुन्या फाँटमध्ये असल्यास आधी रूपांतरित करावा, एचटीएमएलच्या ‘लँग’ गुणधर्मात भाषा मराठी असल्याचे नोंदवावे आणि सही-शिक्क्याची प्रत सोबत जोडावी.