घरी गाणं रेकॉर्ड करायचंय? सॉफ्टवेअर निवडण्याआधी हे वाचा

एप्रिलच्या दुपारी कुंभकोणममध्ये पंखा बंद करून बसणं म्हणजे काय, हे इथे राहिल्याशिवाय कळायचं नाही. "अगं, जीव घेतीस का काय माझा? लाव की त्यो फॅन!" आज्जी करवादली, आणि तिचं हे वाक्य आमच्या पहिल्यावहिल्या रेकॉर्डिंगमध्ये अगदी खणखणीत आलं. त्याच्या पुढची ओवीही तितकीच स्वच्छ आली होती. ते रेकॉर्डिंग आता माझ्याकडे नाही. का नाही, ते पुढे सांगते.

आधी आमच्याविषयी थोडंसं. आम्ही मूळचे सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातले. तिकडच्या दुष्काळी गावांमधून गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करायच्या धंद्यासाठी माणसं देशभर पांगली. पप्पा असेच इथे आले आणि राहिले. इथल्या मराठीचा विषय निघाला की लोकांना तंजावर आठवतं. ते इथून साधारण ४० किलोमीटरवर. १६७५ च्या सुमाराला व्यंकोजीराजांनी तिथे बसवलेलं भोसल्यांचं राज्य १८५५ पर्यंत टिकलं. आम्ही त्या मराठ्यांपैकी नाही. पण कुंभकोणमजवळच्या गोविंदपुरमच्या विठ्ठल मंदिरात तमिळ माणसं मराठी अभंग गातात. आज्जीने ते पहिल्यांदा ऐकले तेव्हा उच्चारांवर आधी खुदकन हसली आणि मग त्यांच्यातच बसून गायला लागली. घरी येताना रिक्षात तिने जात्यावरच्या दोन ओव्या म्हटल्या. मी कधीच न ऐकलेल्या. तेव्हाच ठरवलं, हे रेकॉर्ड करायचं.

आणि तिथूनच घरात भांडण सुरू झालं, कारण धाकट्या भावालाही गाणं करायचं होतं. त्याचं स्वतःचं, बीट्सवालं, हेडफोन लावून पहाटे दोन वाजेपर्यंत चालणारं. घरात लॅपटॉप एकच. मग सॉफ्टवेअर कोणतं?

आवाज टिपायचा की बीट रचायचं?

अशा सॉफ्टवेअरला ‘डिजिटल ऑडिओ वर्कस्टेशन’ म्हणतात, थोडक्यात ‘डॉ’. ‘सगळ्यात चांगलं डॉ कोणतं’ असं इंटरनेटवर शोधलंत तर आठवडा जाईल आणि हाती काही लागणार नाही. माझा आठवडा गेलाच. खरा प्रश्न एवढाच असतो, की तुमच्या गाण्यातला बराचसा आवाज माईकमधून येणार आहे, की तुम्ही तो सॉफ्टवेअरच्या आतच तयार करणार आहात?

भावाला दुसरं हवं होतं. ढोल, बेस, सिंथ, सगळं माऊसने आणि छोट्याशा कीबोर्डवर. त्याच्यासाठी एफएल स्टुडिओ ठीक. बेल्जियमच्या या सॉफ्टवेअरचं १९९७ मधलं नाव ‘फ्रूटीलूप्स’. आठ-आठ, सोळा-सोळा मात्रांचे तुकडे बनवायचे आणि ते एकापुढे एक रचत जायचे, ही त्याची मूळ रीत. एकदा विकत घेतलं की पुढच्या आवृत्त्या फुकट मिळतात, हा मोठा फायदा. पण एक गोष्ट नीट बघा. त्याच्या सगळ्यात स्वस्त, ‘फ्रूटी’ आवृत्तीत माईकवरून आवाज रेकॉर्ड करता येत नाही. त्यासाठी वरची ‘प्रोड्युसर’ आवृत्ती लागते. आणि फुकटच्या ट्रायलमध्ये प्रोजेक्ट सेव्ह होतो, पण नंतर पुन्हा उघडता येत नाही. शिकायला ते पुरे, आज्जीसाठी नाही.

बर्लिनचं एबलटन लाइव्हही याच पंगतीतलं. तुकडे वेगवेगळ्या क्रमाने वाजवून बघायचे असतील तर त्याच्याइतकी मजा कशातच नाही. बऱ्याच ऑडिओ इंटरफेससोबत त्याची ‘लाइट’ आवृत्ती फुकट मिळते, तेव्हा खोका फेकण्याआधी आतला कागद वाचा.

मला मात्र फक्त आवाज टिपायचा होता. एकच माणूस गाणार, मागे तंबोरा, फार तर टाळ. त्यासाठी मी तीन सॉफ्टवेअर वापरून पाहिली. ऑडॅसिटी पूर्ण फुकट आहे आणि साध्या लॅपटॉपवरही चालतं. रेकॉर्ड करा, नको ते कापा, संपलं. मात्र त्यात वाद्यं रचत बसायला जाऊ नका, ते त्या कामाचं नाही. घरात मॅक किंवा आयफोन असेल तर गॅरेजबँड फुकट मिळतं, आणि नवशिक्यासाठी त्याच्याइतकं सरळ मला दुसरं दिसलं नाही. आमच्याकडे विंडोज, त्यामुळे तो दरवाजा बंद. शेवटी मी रीपरवर स्थिरावले. ‘विनॅम्प’ आठवतंय? तो प्लेअर लिहिणाऱ्या जस्टिन फ्रँकेलचंच हे सॉफ्टवेअर. ६० दिवस काहीही न कापता-छाटता वापरून बघता येतं, घरगुती वापराचं लायसन्स ६० डॉलर. दिसायला सरकारी कचेरीसारखं रुक्ष, पण जुन्या मशीनवर कुरकुरत नाही.

लॅपटॉपच नसेल तर? बँडलॅब फोनवर फुकट चालतं. सुरुवातीला तेवढ्यावर भागतं.

प्रो टूल्स, क्युबेस, लॉजिक यांची नावं तुम्ही ऐकलेली असतात, कारण मोठ्या स्टुडिओंत तीच असतात. ए. आर. रहमान लॉजिक वापरतात म्हणून भावाने मॅकसाठी पप्पांकडे हट्ट धरला होता. पप्पांनी शांतपणे विचारलं, "त्यांची चाल पण त्यात फुकट मिळते का?" विषय संपला.

शेजारच्या मामांचा प्रश्न

आमच्या शेजारी एक मामा राहतात, मृदंगम वाजवतात. (मामा हा शब्द तमिळ आणि मराठीत एकच, त्यामुळे नातं जुळायला वेळ लागत नाही.) मी सॉफ्टवेअरबद्दल विचारलं तर त्यांनी उलट विचारलं, "पाटी कट्टै किती?" पाटी म्हणजे आज्जी आणि कट्टै म्हणजे सूर. इकडे पट्ट्या मोजतात त्या अशा. पाच कट्टै म्हणजे आपली पांढरी पाच आणि साडेपाच म्हणजे काळी चार. आज्जीला विचारलं तर ती म्हणाली, "मला काय ठावं? जातं फिरंल तसं गायाचं."

मामांचं म्हणणं बरोबर होतं. आधी गाणाऱ्याचा सूर ठरवा, फोनवर तंबोऱ्याचं ॲप लावा, मग बाकीचं. आमच्या आज्जीचा सूर पांढरी पाचच्या जरा खाली निघाला, कुठल्याही पट्टीत न बसणारा. ॲपमध्ये सूर बारीक खाली-वर करता येतो, तसा केला. म्हणूनच एक विनंती. सूर आपोआप ‘दुरुस्त’ करणारी सोय बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये असते, ती बंद ठेवा. ती आवाजाला बारा ठरलेल्या सुरांकडे ओढते. ओवीतला हेलकावा काय, कर्नाटक संगीतातला गमक काय, दोन्ही त्या बारा सुरांच्या मधल्या जागेत राहतात. भावाने गंमत म्हणून एकदा ती सोय लावली. आज्जी मोबाईलच्या रिंगटोनसारखी गायला लागली. ती स्वतः खूप हसली, पण मला ते ऐकवेना.

टेम्पोचंही तसंच. बहुतेक सॉफ्टवेअर १२० च्या टेम्पोवर उघडतात आणि टिकटिक सुरू करतात. ओवी गाणारी बाई त्या टिकटिकीला बांधील नसते. टिकटिक बंद करा, तिला गाऊ द्या, ताल नंतर तिच्या मागे आणता येतो.

आणि हेडफोनमध्ये आवाज उशिरा ऐकू येतोय अशी तक्रार आली तर सेटिंगमध्ये ‘बफर’ शोधा. ४४,१०० च्या सॅम्पल रेटला १०२४ चा बफर म्हणजे साधारण २३ मिलिसेकंद. तेवढ्यात आवाज हवेतून जवळजवळ आठ मीटर जातो, म्हणजे टाळ वाजवणारा आठ मीटर लांब उभा आहे असं समजा. प्रत्यक्षात उशीर याहून थोडा जास्तच होतो. २५६ केलं की तो टाळवाला दोन मीटरवर येतो. ब्लूटूथ हेडफोन मात्र रेकॉर्डिंगला नकोच, तिथे तो थेट गल्लीच्या टोकाला जातो.

ती हरवलेली फाइल

आता ती गोष्ट. पहिल्या दुपारी आज्जीने २३ ओव्या म्हटल्या. चाळीस मिनिटं. खिडकीला वाकळ, पंखा बंद, कुकर बंद, देवळाच्या घंटेच्या आधी उरकलेलं. मी प्रोजेक्ट सेव्ह केला आणि जपून ती फाइल पेनड्राइव्हवर घेतली. पुढच्या आठवड्यात लॅपटॉप फारच हळू चालायला लागला म्हणून फॉरमॅट करून आणला. पेनड्राइव्ह लावला, प्रोजेक्ट उघडला. पट्ट्या दिसत होत्या, नावंही दिसत होती, आवाज नव्हता.

प्रोजेक्ट फाइलमध्ये बहुतेक वेळा आवाज नसतोच. त्यात फक्त पत्ते असतात, कुठली फाइल कुठे ठेवलीय, कुठून कापलीय, किती मोठी केलीय. खरा आवाज शेजारच्या फोल्डरमध्ये वेगळ्या ‘वेव्ह’ फाइल्समध्ये असतो. मी पत्त्यांची वही घेऊन आले होते आणि घर पाडून टाकलं होतं. फाइल फक्त काही केबीची आहे, हे बघूनच मला कळायला हवं होतं. २४ बिट, ४८,००० वर एका माईकचं रेकॉर्डिंग मिनिटाला साडेआठ एमबीच्या वर जातं. चाळीस मिनिटांचे जवळजवळ साडेतीनशे एमबी व्हायला हवे होते.

त्यामुळे सॉफ्टवेअर निवडताना आता मी पहिल्यांदा बघते ते हे, की सगळं एकाच फोल्डरमध्ये गोळा करून सेव्ह करता येतं का? आणि प्रत्येक ट्रॅक शून्यापासून शेवटपर्यंत वेगळ्या वेव्ह फाइलमध्ये काढता येतो का? रीपरमध्ये दोन्ही येतं, इतर चांगल्या सॉफ्टवेअरमध्येही येतं, फक्त ते कुठे आहे हे पहिल्याच दिवशी शोधून ठेवा. सॉफ्टवेअर बदलेल, कंपनी विकली जाईल, वेव्ह फाइल कुठेही उघडेल. व्हॉट्सॲपवर पाठवताना ती ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, नाहीतर दाबून बारीक होते.

दुसऱ्यांदा बसवलं तेव्हा आज्जीला १४ च ओव्या आठवल्या. नऊ गेल्या. मी फार मागे लागले तेव्हा ती म्हणाली, "आल्या तर आल्या. हात रिकामा आसला की येत न्हाईत."

हे ऐकून शेजारच्या मामींनी माळ्यावरून दगडी जातं काढलं. तमिळमध्ये त्याला तिरुगै म्हणतात. खुंटा हलत होता, तो मामांनी ठोकून बसवला. आज्जीने मूठभर तांदूळ टाकले आणि दोन माईक लावायच्या आत गायला सुरुवातही केली. एक माईक तिच्यापाशी, दुसरा जात्यापाशी, दोन वेगळे ट्रॅक. भावाला जात्याची घरघर काढून टाकायची होती. मग त्यानेच ती मोजली आणि त्याच्या नव्या बीटचा टेम्पो त्यावरून ठरवला.

नऊपैकी सात ओव्या परत आल्या. तीन ठिकाणी ठेवल्यात. उरलेल्या दोनसाठी रविवारी ज्वारी आणायची आहे, कारण आज्जीच्या मते तांदूळ फार लवकर दळून होतो.