आधी फावडं, मग जंगल

बालाघाटच्या पोरांनो, मे महिन्याचा एक बेत सांगतो. गोंदियाहून चांदा फोर्टच्या गाडीनं मूल गाठा; तिथून सोमनाथ जवळच. बाबा आमटेंनी 1967 मध्ये सुरू केलेली श्रमसंस्कार छावणी तिथलीच. सकाळी घमेली-फावडी घेऊन श्रमदान, ऊन चढलं की व्याख्यानं, गाणी आणि भरपूर वादावादी. हाताला फोड येतात (पहिल्या दिवशी सगळेच लपवतात!).

परत आलात की घरचं जंगल बघा. कान्हाचा मुक्की दरवाजा आपल्याच बैहर तहसिलीत आहे. 1970 च्या सुमारास इथले बारशिंगे जेमतेम 66 उरले होते. गवताळ मैदानं राखली, म्हणून ते वाचले. मला वाघापेक्षा तेच आवडतात. पावसाळ्यात सफारी बंद, तेव्हा जूनमध्येच उरका.