दूषित शब्दसंग्रहाची पुनःप्राप्ती

पाठशुद्धीचा प्रश्न मराठीच्या अभ्यासकास नवा नाही. ज्ञानेश्वरीत शिरलेले अपपाठ काढून एकनाथांनी शके १५०६ (इ. स. १५८४) मध्ये तिचे शोधन केले. उलट लीळाचरित्राची मूळ प्रत परचक्रात नष्ट झाल्यावर ज्यांना ते मुखोद्गत होते त्यांच्या आधारे ते पुन्हा सिद्ध झाले, असे महानुभाव परंपरा सांगते. पहिली दुरुस्ती, दुसरी राखीव प्रतीवरून पुनःस्थापना. संगणकातील डेटाबेस बिघडला असता हेच दोन मार्ग असतात. परंतु ते समान मोलाचे नव्हेत.

अक्कलकोट तालुका कर्नाटकाच्या सीमेलगतचा. तेथे मराठी व कानडी दोन्ही नांदतात. समजा, तेथील वक्त्यांचे शब्द आपण एसक्यूलाइट डेटाबेसमध्ये नोंदविले : एका तक्त्यात शब्द, दुसऱ्यात वक्ता, त्याची मातृभाषा व गाव, आणि दोहोंस सांधणारा क्रमांक. लेखन चालू असता वीज गेली आणि सोबतची जर्नल फाईल कोणी निरुपयोगी समजून पुसली. (अशी साफसफाई करणारे उत्साही गृहस्थ सर्वत्र भेटतात.) अशाने अर्धवट राहिलेले लेखन मागे फिरविण्याचे साधनच जाते व फाईल दूषित होऊ शकते.

‘रिकव्हर’ ही आज्ञा फाईलच्या पानापानांतून ओळी वेचते. ज्या ओळीचा तक्ता ठरत नाही ती ‘लॉस्ट अँड फाउंड’ नामक वेगळ्या तक्त्यात पडते. आता ‘अक्का’ हा शब्द सापडला, पण वक्त्याची ओळ गेली, तर तो मराठीभाषकाच्या तोंडचा की कानडीभाषकाच्या, हे कोण सांगणार? शब्द वाचला, पुरावा गेला. ‘इंटिग्रिटी चेक’ निर्दोष आला तरी तो केवळ रचनेविषयी बोलतो, आशयाविषयी नव्हे. एसक्यूएल सर्व्हरमधील दुरुस्तीच्या एका पर्यायाच्या नावातच माहिती गमावण्यास संमती अंतर्भूत आहे. हा प्रांजळपणा स्तुत्य होय.

म्हणून बॅकअप असल्यास प्रथम तोच घ्यावा. तथापि त्यात शेवटच्या प्रतीनंतरच्या नोंदी नसतात, आणि कित्येकदा प्रतही बिघाडानंतरचीच निघते. तेव्हा ती अन्यत्र उघडून तपासावी. तत्पूर्वी दूषित फाईल तिच्या सहचर फायलींसह जशीच्या तशी बाजूस ठेवावी व दुरुस्तीचे प्रयोग तिच्या नकलेवरच करावेत. त्यांतून मिळालेल्या ओळी बॅकअपशी ताडून, त्यात नसलेल्या तेवढ्याच खूण करून जोडाव्यात. वक्त्याचा पत्ता न लागलेली नोंद शब्दसूचीत राहू द्यावी, उसन्या शब्दांच्या गणनेत मात्र धरू नये.