सगळं येतं, फक्त शुद्ध जर्मन येत नाही!

माझी मैत्रीण सध्या पनवेलमध्ये जर्मनचा क्लास करतेय. नर्सिंग झालंय, आता टार्गेट बी-टू लेव्हल! परवा चहा पिताना तिनं मोबाइलवर एक व्हिडिओ लावला. स्टुटगार्टकडचे एक आजोबा गप्पा मारत होते. "यातलं मला अर्धंही कळत नाही. मग सहा महिने मी शिकले काय?" तिचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

ती शिकतेय ती प्रमाण जर्मन. आजोबा बोलत होते श्वेबिश, म्हणजे तिथली बोली. प्रमाण भाषेत 'आहे'ला 'इस्ट', तर यांचं 'इश'. छोट्या, लाडक्या वस्तूच्या नावाला शेपूट लागतं 'ले'चं. खरी गंमत पुढेच. 'हेबन' म्हणजे पुस्तकात 'उचलणे', पण श्वेबिशमध्ये 'धरून ठेवणे'! वॉर्डात कुणी 'हेबन' म्हटलं की हिनं उचलायचं की धरायचं?

हे राज्य म्हणजे बाडेन-वुर्टेमबर्ग. कुशल तरुण पाठवण्यासाठी महाराष्ट्र सरकारनं 2024 मध्ये याच राज्याशी करार केला. सुरुवातीचं उद्दिष्ट 10 हजारांचं. राजधानी स्टुटगार्ट 1968 पासून मुंबईचं भगिनी-शहर आहे. मर्सिडीज, पोर्शे, बॉश या कंपन्याही तिथल्याच.

नावातली आडवी रेघ

राज्याच्या नावातली ती रेघ उगाच आलेली नाही. बाडेन आणि वुर्टेमबर्ग हे पूर्वी वेगवेगळे प्रांत. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन आणि फ्रेंच सैन्याच्या ताब्यानुसार त्यांची तीन राज्यं झाली. ती एकत्र करायची का, यावर डिसेंबर 1951 मध्ये मतदान झालं. दक्षिण बाडेननं 'नको' म्हटलं, तरीही 25 एप्रिल 1952 ला नवं राज्य झालं. म्हणजे आपल्या महाराष्ट्रापेक्षा फक्त आठ वर्षांनी मोठं! नाराजी कोर्टापर्यंत गेली आणि 1970 मध्ये बाडेनमध्ये पुन्हा मतदान घ्यावं लागलं. तेव्हा जवळपास 82 टक्के लोक म्हणाले, राहू दे एकत्र. वाद मिटला, ओळख मात्र राहिली. बाडेनच्या माणसाला आजही 'श्वाबियन' म्हणून बघा!

अशा राज्यानं 1999 मध्ये स्वतःची जाहिरात काय करावी? 'आम्हाला सगळं येतं. फक्त शुद्ध जर्मन येत नाही.' ज्या बोलण्याला बाकीचे जर्मन हसायचे, तेच त्यांनी पोस्टरवर लावलं. ही टॅगलाइन वीसेक वर्षं चालली.

आणि आपण?

मैत्रीण आगरी आहे. घरी 'गारी', 'पानी', 'डोला'. कॉलेजच्या गेटमधून आत आली की 'गाडी', 'पाणी', 'डोळा'. पहिल्या वर्षी प्रेझेंटेशनमध्ये तिच्या तोंडून 'पानी' निघालं आणि वर्ग हसला. हसणाऱ्यांत मीही होते. त्यानंतर तीन वर्षं ती वर्गात स्वतःहून बोलायला उभी राहिली नाही. हळदीत आगरी गाण्यांवर आम्ही सगळेच नाचतो, इंटरव्ह्यूत मात्र तीच बोली लपवायची असते. सिडको आली, गावांच्या जमिनी गेल्या, उलव्यात विमानतळ झाला. गावाकडे उरलेल्या मोजक्या गोष्टींपैकी ही बोली एक.

प्रमाण भाषा नको, असं कुणीच म्हणत नाही. परीक्षा तिच्यातच द्यायची, पेशंटचा चार्टही तिच्यातच लिहायचा. पण ती शिकायची म्हणजे घरची बोली विसरायची, हे गणित कुणी ठरवलं?

आम्ही बोलत असतानाच तिच्या आईचा फोन आला. एरवी ती उठून लांब जाते. या वेळी बसल्या जागीच बोलली, आगरीत, अगदी मोठ्यानं. शेजारच्या टेबलावरच्या दोघांनी वळून पाहिलं. तिनं फोन ठेवला आणि मला म्हणाली, "चल, आजोबांचा व्हिडिओ परत लाव. आता ही पण शिकायचीय."