लष्कराच्या भाकऱ्यांसाठी तवा कोणता?

जुलै २०१६मध्ये गुरुग्रामचा बादशाहपूर नाला ओसंडला आणि हिरो होंडा चौकात गाड्या रात्रभर अडकून पडल्या. त्यानंतर आमच्या सोसायटीतल्या दहा-बारा इंजिनिअर मंडळींनी एक गट केला. कुणी पाइपांचे व्यास मोजले, कुणी उतार काढले, कुणी नकाशा रंगवला. सगळा कारभार व्हॉट्सअ‍ॅपवर. दोन वर्षांनी त्या मोजमापांची यादी हवी होती, तर ती करणाऱ्या गृहस्थांनी फोन बदलला होता आणि ते पुण्याला राहायला गेले होते. ग्रुपवर शोधलं तर सुप्रभातची फुलं तेवढी सापडली.

गुरुग्राममध्ये सॉफ्टवेअर जाणणाऱ्यांचा दुष्काळ नाही. म्हणून लगेच उलटी चूक झाली. एकाने ऑफिसातलं जिरा हे कामं नोंदवायचं सॉफ्टवेअर आणलं. प्रत्येक कामाला तिकीट, तिकिटाला मुदत, मुदतीला रंग. महिन्याभरात ते भरणारा तो एकटाच उरला. ऑफिसात साहेब विचारतो म्हणून माणसं तिकिटं भरतात. इथे प्रत्येकाकडे रविवारी रात्रीचा अर्धा तास असतो आणि जाब विचारणारं कुणी नसतं. शिकायलाच दोन रविवार लागले, तर तिसऱ्या रविवारी कोण येणार?

पण सोपेपणापेक्षाही आधी बघायचं ते तव्याची, म्हणजे साधनाची, मालकी कुणाकडे आहे. लिनक्स ही मुक्त संगणकप्रणाली बनवणाऱ्यांना हे महागात पडलं. २००२पासून ते कोड सांभाळायला बिटकीपर वापरत. ते एका खासगी कंपनीचं, एरवी विकतचं, यांना मात्र फुकट. हे परावलंबन बरं नव्हे, असं काहीजण तेव्हाच म्हणत होते. २००५मध्ये एका प्रोग्रामरने त्याची आतली रचना उलगडायचा प्रयत्न केला, कंपनी चिडली आणि फुकट सोय गेली. त्या एप्रिलमध्ये लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी स्वतःच पर्याय लिहायला घेतला. तो म्हणजे गिट. आता जगभरचे प्रोग्रामर तेच वापरतात. टोरवाल्ड्सना ते जमलं. आपल्या नालेगटात टोरवाल्ड्स नसतो.

दुसऱ्याच्या तव्याचं असंच होतं. याहू ग्रुप्स डिसेंबर २०२०मध्ये बंद झाले, जुना मजकूर त्याआधीच पुसला गेला होता. गटांच्या गप्पांचं ॲप असलेल्या स्लॅकने २०२२मध्ये फुकट खात्यांना मागच्या ९० दिवसांचंच बोलणं दिसेल असं ठरवलं. पावसाळ्यातली चर्चा पुढच्या पावसाळ्यापर्यंतही टिकणार नाही.

उलट उदाहरणही आपल्याच देशातलं. कोव्हिड१९इंडिया या संकेतस्थळाचे स्वयंसेवक मार्च २०२०पासून रोजचे आकडे गोळा करत होते. बोलणं टेलिग्रामवर, आकडे गूगल शीटमध्ये, कोड गिटहबवर सगळ्यांसाठी उघडा. साधीच साधनं, पण प्रत्येकाचं काम वेगळं. ३१ ऑक्टोबर २०२१ला ते थांबले, तेव्हा दुसऱ्या एका गटाने तोच कोड घेऊन काम पुढे चालवलं.

गप्पांची जागा आणि नोंदीची जागा अशी वेगळी ठेवली की निम्मं भांडण मिटतं. गप्पा व्हॉट्सअ‍ॅपवर खुशाल चालू द्याव्यात. इंटरनेटचे नियम ठरवणाऱ्या आयईटीएफच्या कार्यगटांत आजही प्रत्यक्ष बैठकीत ठरलेली गोष्ट ईमेलच्या यादीवर पक्की करावी लागते, आणि त्या यादीची जुनी पानं कुणीही वाचू शकतो. जुनाट वाटेल, पण बैठकीला न आलेल्या माणसाचा मान त्यात राहतो. विषयवार गप्पा हव्या असतील तर झुलिप हे ॲप चांगलं. ते मुक्त आहे, स्वतःच्या सर्व्हरवरही चालतं. मात्र तो सर्व्हर दर महिन्याला बघणारं माणूस नसेल, तर त्या वाटेला जाऊ नये. एक सामायिक शीट आणि दोघांकडे तिचा पासवर्ड, एवढ्यावर बारा जणांचं भागतं.

नवं ॲप घेण्याआधी त्यातला सगळा मजकूर बाहेर काढून एकदा दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघा. आम्ही बघितलं नव्हतं. नाल्याचे उतार आम्हाला पहिल्यापासून मोजावे लागले.