तांब्याची तार आणि हायड्रोजनचा हिशोब

तांब्याची तार ज्योतीत धरली की काळी पडते. तीच गरम तार परीक्षानळीतल्या इथेनॉलमध्ये बुडवली की क्षणात लालसर, चकचकीत होते आणि वेगळाच उग्र वास येतो. तो ॲसिटाल्डिहाइडचा. मग आपण फळ्यावर लिहितो, 'तांबे अल्कोहोलमधील हायड्रोजन काढून घेते'. मीही कित्येक वर्षं तेवढंच लिहायचे. एकदा एका मुलीनं विचारलं, "मॅडम, काढलेला हायड्रोजन गेला कुठे?"

नळीतून बुडबुडे येतात ते तापलेल्या अल्कोहोलच्या वाफेचे. तार काळी पडते म्हणजे तिच्यावर कॉपर ऑक्साइड तयार होतो. इथेनॉलचे दोन हायड्रोजन त्यातल्या ऑक्सिजनला मिळून पाणी होतं आणि मागे तांबं उरतं. म्हणजे हे ऑक्सिडीकरण झालं. तार पुन्हा पुन्हा वापरता येते, म्हणून एकूण हिशोबात तांबं उत्प्रेरक. खर्च होतो तो हवेतला ऑक्सिजन.

बारावीला शिकवतो ती क्रिया वेगळी. तिथे ५७३ केल्विनला, म्हणजे साधारण ३०० अंश सेल्सिअसला तापवलेल्या तांब्यावरून इथेनॉलची वाफ नेतात, हवा न देता. ४६ ग्रॅम इथेनॉलपासून ४४ ग्रॅम ॲसिटाल्डिहाइड आणि २ ग्रॅम हायड्रोजन वायू मिळतो. इथे हायड्रोजन खरोखर मोकळा सुटतो, पण उष्णता सतत द्यावी लागते. द्वितीयक अल्कोहोलपासून कीटोन मिळतो. तृतीयकमध्ये मात्र ज्या कार्बनवर ओएच गट आहे त्यावर हायड्रोजनच नसतो. मग पाणी निघून अल्कीन तयार होतं. मुलं नेमकी इथे चुकतात, कारण ती पाठ करतात.

तांबंच का? निकेल कार्बन-कार्बन बंधही तोडतं, तांबं सहसा त्याच्या वाटेला जात नाही. पण जास्त तापलं की त्याचे बारीक कण एकमेकांना चिकटून पृष्ठभाग कमी होतो. म्हणून कारखान्यात ते सिलिकासारख्या आधारावर पसरवतात. (गंमत म्हणजे 'आल्डिहाइड' हे नावच लीबिग यांनी 'हायड्रोजन काढलेलं अल्कोहोल' या लॅटिन शब्दांवरून बनवलं.)

आपल्याकडे मळीपासून इथेनॉल भरपूर होतं, त्यामुळे हा विषय पुस्तकापुरता नाही. पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, म्हणजे एनसीएलमध्ये, उत्प्रेरकांवर अनेक वर्षं संशोधन चालू आहे. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनानिमित्त तिथे मुलांना न्यायची संधी असते. जाताना त्या मुलीचा प्रश्न सोबत न्या.

आणि वर्गात तारेचा प्रयोग शिक्षकांनीच करावा: नळीत २ मिलिलिटरच इथेनॉल, बाटली बंद करून बर्नरपासून लांब, खिडक्या उघड्या. मिथेनॉल अजिबात वापरू नका.